सुप्यात जाळलेले रोखे, मुंबईत हाती घेतलेल्या याद्या

भीमथडीकर

कुठल्याही शहरात दंगल झाली की चार दिवसांत एक वाक्य हमखास कानावर येतं: "पूर्वीचे लोक अन्यायाविरुद्ध उठायचे, आताचे नुसती दुकानं फोडतात." मला हे पटत नाही, पण सरसकट खोटं आहे असंही म्हणवत नाही. म्हणून दोन घटना शेजारी ठेवून बघतोय. एक माझ्या भागातली, दीडशे वर्षांपूर्वीची. दुसरी मुंबईतली, इथल्या अनेकांनी प्रत्यक्ष पाहिलेली.

पहिली सुप्याची. आता हे गाव बारामती तालुक्यात येतं, तेव्हा भीमथडीत होतं. १२ मे १८७५, बाजाराचा दिवस. आसपासच्या गावांतून आलेले कुणबी गुजराती सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. खतं-रोखे, म्हणजे कर्जाचे लेखी कागद, बाहेर काढा, ही मुख्य मागणी. हाती लागले ते कागद पेटवले, चोपड्या फाडल्या. कापड-धान्य लुटलं गेलं, घर जाळल्याचीही नोंद आहे. पुढच्या काही आठवड्यांत पुणे आणि नगर जिल्ह्यांत, शिरूर, पारनेर, श्रीगोंद्याकडे गावामागून गाव हेच घडत गेलं. सरकारने पोलीस आणि लष्कर आणलं, शेकडो माणसं धरली. नंतर चौकशीसाठी आयोग बसला. त्या आयोगाचं एक निरीक्षण मला फार मोलाचं वाटतं: सावकाराने कागद मुकाट्याने हवाली केले तिथे बहुतेक ठिकाणी त्याच्या अंगाला कुणी हात लावला नाही.

लोकांचा एवढा राग कागदावर का, हे कळायला तो रोखा कसा असायचा ते पाहावं लागतं. स्टँपाचा कागद, मजकूर मोडीत, लिहिणारा सावकाराच्या ओळखीतला. खाली कुणब्याचं नाव आणि नावापाशी "निशाणी नांगर", म्हणजे सहीच्या जागी नांगराची खूण. वर काय लिहिलंय ते खूण करणाऱ्याला वाचता येत नसे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने अशा रोख्याची मुदत तीन वर्षांवर आणली होती, ती व्याज फार साचू नये म्हणून. सावकारांनी उलटंच केलं. तीन वर्षं भरत आली की थकलेलं व्याज मुदलात घालून नवा रोखा लिहून घ्यायचा. एक पैसा नव्याने हातात न पडता कूळ मोठ्या रकमेचं देणेकरी. फेडलेल्या रकमेची पावती मिळेलच असं नाही. आणि दिवाणी कोर्टापुढे पुरावा काय, तर तोच कागद. कुणबी तारखेला जातच नसे, बहुतेक हुकूमनामे एकतर्फी होत.

त्याआधी १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी चालली होती. तिथला कापूस बंद झाला, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, सावकारांनी सढळ हाताने कर्जं दिली. युद्ध संपलं, भाव कोसळले, उचल बंद झाली. त्याच सुमाराला इंदापूर-भीमथडीकडे फेरपाहणी होऊन शेतसारा वाढला होता, तोही थोडाथोडका नाही. म्हणजे उत्पन्न खाली, सारा वर आणि सावकाराचा दरवाजा बंद.

ठिणगी पडली ती शिरूर तालुक्यातल्या करड्यात, १८७४ च्या अखेरीस. एका सावकाराने कोर्टाच्या हुकूमनाम्यावर गावच्या देशमुखाचं घर दीडशे रुपयांना घेतलं आणि ते पाडायला काढलं. गावाने त्याला हात लावला नाही. न्हाव्याने हजामत बंद केली, परटाने धुणं बंद केलं, पाणक्याने पाणी बंद केलं. बहिष्काराचा हा प्रकार गावोगाव गेला आणि सुप्याची आग लागली ती पाच-सहा महिन्यांनी. आधी बहिष्कार, मग कागदाची मागणी, आणि कागद नाकारला तर मारझोड: हा क्रम बघा. रागाला लगाम होता.

आता दुसरी घटना. ६ डिसेंबर १९९२ ला अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली. त्यानंतर डिसेंबरात आणि पुन्हा जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली. न्या. श्रीकृष्ण आयोगाने मोजलेले मृत ९००, त्यांपैकी ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, बाकीचे इतर किंवा ओळख न पटलेले. डिसेंबरातला पहिला उद्रेक आयोगाच्या मते बऱ्याच अंशी संतापलेल्या मुसलमान जमावांचा, उत्स्फूर्त आणि नेतृत्वहीन होता. जानेवारीत माथाडी कामगारांचे खून झाले, जोगेश्वरीच्या राधाबाई चाळीत माणसं जाळली गेली. त्या महिन्यातल्या मुसलमानांवरच्या हल्ल्यांबद्दल अहवालाने शिवसेनेचे नेते आणि कार्यकर्ते यांच्यावर स्पष्ट ठपका ठेवला आहे. हे हल्ले लष्करी शिस्तीने झाले आणि हल्लेखोरांच्या हाती दुकानांच्या याद्या आणि मतदारयाद्या होत्या, असं अहवालात आहे.

मी अडकतो तो इथे. सुप्याच्या गर्दीला कागद नष्ट करायचा होता, कारण तो कागदच तिचा छळ करत होता. मुंबईच्या गर्दीला कागद हातात हवा होता, कारण त्याच्याशिवाय चाळीतल्या कुठल्या दारामागे कोण राहतं हे तिला कळत नव्हतं. मतदारयादी कुणा मजुराकडे घरी पडलेली नसते. ती कुणीतरी आणून देतं.

म्हणून माझ्या मते जुनं-नवं या वाटणीला फार अर्थ नाही. गर्दी नेमकी कशावर तुटून पडली, काय शाबूत ठेवलं, आणि तिच्या पाठीशी कोण होतं, हे विचारलं की चित्र वेगळं दिसतं. आपापल्या ठिकाणची उदाहरणं घेऊन लिहा.

लालबागकर

उत्तम धागा. माझं उदाहरण एकाच शहरातलं आणि एकाच वर्षातलं आहे, १९४६.

१८ फेब्रुवारीला कुलाब्याच्या 'तलवार' या नौदलाच्या केंद्रात खलाशांनी निकृष्ट अन्न आणि गोऱ्या अधिकाऱ्याच्या शिवीगाळीवरून संप केला. दोन दिवसांत बंदरातल्या जहाजांवरून युनियन जॅक उतरले आणि काँग्रेसचा, मुस्लिम लीगचा आणि लाल असे तीन झेंडे चढले. २२ तारखेला गिरण्या बंद. परळ, लालबाग, डिलाइल रोड, भेंडीबाजार सगळीकडे लोक रस्त्यावर. गोऱ्या सैन्याने चिलखती गाड्यांतून गोळीबार केला, दोनशेहून जास्त माणसं मेली. माझे आजोबा तेव्हा परळच्या एका गिरणीत जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, हाताखाली होते. चाळीच्या जिन्यात जखमींना आणून ठेवलं होतं आणि कोण कुठल्या धर्माचा हे कुणी विचारलं नाही, असं ते सांगायचे. लोकांनी बँका, टपाल कचेऱ्या, सरकारी धान्याची दुकानं फोडली. म्हणजे लूट झालीच, ती लपवायचं कारण नाही. पण रोख सरकारकडे होता.

आणि त्याच वर्षी सप्टेंबरात, त्याच मुंबईत हिंदू-मुसलमान दंगल. गल्ल्यांत सुरे चालले. आजोबांनी फेब्रुवारीच्या आठवणी हजारदा सांगितल्या, सप्टेंबरच्या कधीही नाही. आजी सांगायची तेही एवढंच, की दोन महिने दूधवाला आला नाही.

सहा-सात महिन्यांत माणसं बदलत नाहीत. फेब्रुवारीत रस्त्यावर उतरलेल्यांपैकी काही जण सप्टेंबरातही उतरले असणारच. बदललं होतं ते भोवतालचं राजकारण. फेब्रुवारीत दोन्ही मोठ्या पक्षांच्या पुढाऱ्यांनी खलाशांना शरण जायला सांगितलं, वल्लभभाईंच्या सल्ल्याने २३ तारखेला सगळं मिटलं. सप्टेंबरच्या आधी मात्र कलकत्त्याची हिंदू-मुसलमान दंगल होऊन गेली होती, हंगामी सरकारवरून काँग्रेसचे झेंडे आणि लीगचे काळे झेंडे चालले होते. तेव्हा भीमथडीकर, "पाठीशी कोण" हा तुमचा प्रश्न मी सगळ्यात वर ठेवेन. लोकांच्या मनात काय होतं हे त्यानंतर.

थेम्सकाठ

मी लंडनमध्ये, क्रॉयडनला राहते. ऑगस्ट २०११ ची दंगल आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर झाली, म्हणून लिहिते.

४ ऑगस्टला टॉटनहॅममध्ये पोलिसांनी मार्क डगन या कृष्णवर्णीय तरुणाला गोळी घालून मारलं. सुरुवातीला त्याच्याकडूनही गोळी सुटली असा समज पत्रकारांपर्यंत पोचला. तो चुकीचा होता आणि चौकशी करणाऱ्या संस्थेला तसं कबूल करावं लागलं. ६ तारखेला घरचे आणि शेजारचे लोक पोलीस ठाण्यावर गेले. कुणी वरिष्ठ अधिकारी बाहेर येऊन बोलेल, एवढीच अपेक्षा होती. तासन् तास कुणी आलं नाही. संध्याकाळी पोलिसांच्या गाड्या पेटल्या. इथवरची गोष्ट सुप्यासारखीच म्हणता येईल: दाद मागितली, दार बंद मिळालं, मग आग.

पण पुढच्या दोन-तीन रात्रींत ती भलतीकडे गेली. ब्लॅकबेरी फोनवरून निरोप फिरत होते, अमुक ठिकाणी जमा, अमुक दुकान उघडं आहे. बुटांची दुकानं, मोबाइलची दुकानं, टीव्हीची दुकानं. आमच्या क्रॉयडनला ८ तारखेला रीव्ह्ज कुटुंबाचं १८६७ पासूनचं फर्निचरचं दुकान जळून खाक झालं. शहराच्या त्या भागालाच दुकानाच्या नावाने ओळखतात. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बवर्षावातून वाचलेली इमारत होती ती. मी सकाळी गेले तेव्हा ट्रामच्या तारा लोंबत होत्या आणि एक म्हातारी बाई पोलिसांच्या फितीपाशी उभी राहून सांगत होती की तिच्या लग्नाचा पलंग इथून घेतला होता. त्या दुकानाने कुणाचं काय वाकडं केलं होतं? पोलिसांशी त्याचा काय संबंध? काहीच नाही. दंगलीत देशभरात पाच माणसं गेली.

आता याच शहराचा १३८१ चा शेतकऱ्यांचा उठाव. माणशी बारा पेन्सचा डोईपट्टीचा कर, श्रीमंत-गरीब एकाच मापाने. केंट आणि एसेक्सचे लोक लंडनमध्ये शिरले. १३ जूनला त्यांनी राजाच्या काकाचा सॅव्हॉय राजवाडा जाळला, आणि तिथे हुकूम होता की कुणी काहीही घरी न्यायचं नाही. एकाने चांदीचा तुकडा लपवला तर त्याला चांदीसकट आगीत ढकलला, असं तेव्हाचे इतिवृत्तकार लिहितात. आणि भीमथडीकर, तुमच्या कुणब्यांप्रमाणे यांनीही कागद शोधून शोधून जाळले: जमीनदारांच्या दफ्तरातल्या वेठबिगारीच्या नोंदी, वकिलांच्या वसतीतल्या गुंडाळ्या. हजारो कोसांवरचे, पाचशे वर्षं आधीचे, आपला देश जगात कुठे आहे हे न ठाऊक असलेले लोक. तरी हात कागदाकडेच गेला.

मग २०११ ची पोरं नुसती चोर होती का? तसं मी म्हणणार नाही. गार्डियन आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सने सामील झालेल्या २७० जणांना गाठून बोलतं केलं तेव्हा ८५ टक्क्यांनी पोलिसांची वागणूक हे मोठं कारण सांगितलं. रस्त्यात अडवून झडत्या घेणं, पुन्हा पुन्हा, त्याच पोरांच्या. राग खरा होता. पण १३८१ च्या माणसाला त्याची गुलामी कोणत्या खोलीत, कोणत्या पेटीत ठेवलीय हे ठाऊक होतं. टॉटनहॅमच्या पोराला जाळायला अशी पेटी सापडत नाही. त्याची नोंद कुठल्यातरी संगणकात आहे, नोकरी नाकारणारा माणूस फोनवर आहे, घरभाडं वाढवणारी कंपनी दुसऱ्या देशात आहे. समोर दिसतं ते दुकान. मला हा फरक जुन्या-नव्यातला खरा फरक वाटतो, आणि त्यासाठी मी त्या पोरांना माफ करत नाही, पण त्यांना समजून घेते.

पूर्वपक्ष

सगळ्यांचं वाचलं. जुन्या उठावांकडे जरा जास्तच मायेने बघितलं जातंय, म्हणून विरोधी बाजू मांडतो.

१. सुप्याच्या भागात मारवाडी आणि गुजराती सावकारांवर हल्ले झाले. पण त्याच गावांत ब्राह्मण आणि इतर स्थानिक जातींचेही सावकार होते, आणि ते सहसा सुटले. हेही त्याच आयोगाने नोंदवलंय. व्याज तर तेही घेत होते! मग तिथे कागद जाळला गेला की परका माणूस निवडला गेला? मतदारयादी नव्हती कारण तिची गरजच नव्हती. गावात कोण बाहेरचा हे सगळ्यांना ठाऊक असतं.

२. १३८१ च्या त्याच लोकांनी सॅव्हॉय जाळल्यावर दुसऱ्या दिवशी काय केलं ते थेम्सकाठताईंनी सांगायला हवं होतं. लंडनमधल्या फ्लेमिश विणकरांना आणि व्यापाऱ्यांना शोधून मारलं. एका चर्चमध्ये आसरा घेतलेल्या सुमारे पस्तीस जणांना बाहेर ओढून त्यांची डोकी उडवली. या लोकांचा डोईपट्टीशी काडीचा संबंध नव्हता.

३. आणि लंडनचंच १७८० चं गॉर्डन दंगलीचं प्रकरण. कॅथलिकांना थोड्या सवलती देणाऱ्या कायद्याविरुद्ध लॉर्ड जॉर्ज गॉर्डन मोर्चा घेऊन पार्लमेंटवर गेला. त्यानंतर आठवडाभर कॅथलिकांची प्रार्थनास्थळं आणि घरं जाळली, हॉबर्नमधली एका कॅथलिक मालकाची दारूची भट्टी पेटवली, न्यूगेटचा तुरुंग फोडून कैदी सोडले, बँक ऑफ इंग्लंडवर चाल केली. लष्कराच्या गोळीबारात अडीचशेहून जास्त मेले. तुरुंग आणि बँक बघून कुणी याला गरिबांचा उठाव म्हणेल, कॅथलिक घरं बघून कुणी धार्मिक दंगल म्हणेल. दोन्ही एकाच आठवड्यात, एकाच गर्दीने.

आपल्याकडेही १८९३ ला मुंबईत धर्मावरून मोठी दंगल झालीच, सुप्यानंतर फक्त अठरा वर्षांनी. तेव्हा इतिहासातली गर्दी न्यायी आणि आजची स्वार्थी, हे मला मान्य नाही.

भीमथडीकर

पूर्वपक्ष, मुद्दे पक्के आहेत. पहिल्याला उत्तर देतो, कारण तो माझ्या गावाशेजारचा आहे.

स्थानिक सावकार सुटले हे खरंच. आयोगाचं कारण असं की त्यांची वसुलीची पद्धत इतकी टोकाची नव्हती. ते मला अर्धंच पुरेसं वाटतं. गावच्या कुलकर्ण्याशी उद्या पुन्हा काम पडणार, त्याचे भाऊबंद गावात, त्याला दुखवणं महाग. बाहेरून आलेल्याच्या पाठीशी गावात कुणी नाही. थोडक्यात, परकेपणामुळे हल्ला सोपा झाला. हे विष १८७५ मध्येही होतं आणि ते नाकारून मला माझ्या भागाचा इतिहास गोड करायचा नाही.

पण तरीही एक गोष्ट शिल्लक राहते. कागद मिळाल्यावर ते लोक घरी गेले. गुजराती माणूस गावातून नाहीसा व्हावा ही मागणी नव्हती. पुढे त्याच गावांत त्यांची दुकानं चालू राहिली आणि आजही बऱ्याच गावांत त्यांची चौथी-पाचवी पिढी आहे. १९९३ ला जोगेश्वरी, बेहरामपाड्याकडे काय हवं होतं? समोरच्याने काय दिलं असतं म्हणजे गर्दी परत गेली असती? या प्रश्नाला उत्तर नाही, कारण त्याच्याकडे असं काही देण्यासारखं नव्हतंच. त्याचं तिथे असणं हीच तक्रार होती. फ्लेमिश विणकरांचंही तेच. म्हणून १३८१ मध्ये मला दोन वेगळ्या घटना दिसतात, एकाच तारखेच्या आसपासच्या. सॅव्हॉयला एक, चर्चपाशी दुसरी. दोन्हींना एकच नाव देऊन मोकळं होणं मला जमत नाही.

अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये धान्य महागलं की लोक बाजारात घुसून गहू ताब्यात घेत, रास्त भावाने विकत आणि आलेले पैसे मालकाला परत देत. कधी कधी रिकामी पोतीसुद्धा. अशा गर्दीला मी चोर म्हणू शकत नाही.

अबोली

मी १९९३ ला दादर-माहीमच्या सीमेवर राहत होते, पंचवीस वर्षांची. यादीबद्दल लिहायचं होतं.

आमच्या इमारतीच्या जिन्याखाली लाकडी फळा होता. हिरव्या रंगावर पांढऱ्या अक्षरांत सगळ्या बिऱ्हाडांची नावं, मजल्याप्रमाणे. दुसऱ्या मजल्यावर एक बोहरी कुटुंब होतं, त्यांचं घड्याळांचं दुकान होतं. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एका रात्री सोसायटीचे सेक्रेटरीकाका खाली उतरले आणि पत्र्याच्या पट्टीने त्यांचं नाव खरवडायला लागले. मग थांबले. म्हणाले, एकच जागा कोरी दिसली तर उलट कळेल. आणि त्यांनी सगळ्यांचीच नावं खरवडली, स्वतःच्या नावासकट. माझ्या आईने घरातला चुना दिला, त्यावर फासायला. बोहरीकाकू तीन दिवस आमच्या स्वयंपाकघरात झोपल्या, पोळ्या लाटायच्या आणि एक शब्द बोलायच्या नाहीत.

लोक आले. फळ्यापाशी थांबले, वर बघितलं. खाली आमचे काका आणि वरच्या मजल्यावरचे दोघे उभे होते, त्यांनी सांगितलं इथे तसं कुणी नाही. ते निघून गेले. समोरच्या गल्लीत मात्र असं कुणी उभं राहिलं नाही.

सुप्याच्या कुणब्यांचं वाचताना हे सारखं मनात येत होतं. करड्यात सगळा गाव एका माणसाविरुद्ध एक झाला, आमच्याकडे एक जिना एका घरासाठी एक झाला. अशा जिन्यांची नोंद कोणत्याही आयोगात नाही. ती व्हायला हवी होती असं मला मनापासून वाटतं.

लालबागकर

अबोलीताई, हे लिहिलंत त्याबद्दल आभार. दुसरं काही लिहवत नाही.

नाडीपरीक्षा

मी पेशाने डॉक्टर, इतिहास वाचतो तो साथींचा. अफवांबद्दल थोडं, कारण "आता व्हॉट्सॲपमुळे दंगली होतात" असं सर्रास म्हटलं जातं.

१८९६ च्या ऑक्टोबरात, मुंबईत प्लेगची साथ नुकती सुरू झालेली असताना, हजारभर गिरणी कामगार आर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयावर चालून गेले. का? तिथे नेलेला माणूस परत येत नाही, डॉक्टर माणसांची मोमियाई, म्हणजे शरीरातून औषधी तेल, काढतात, अशी वदंता होती. फोन नाही, छापील कागद वाचणारे थोडे, तरी बातमी गिरणगावभर. मार्च १८९८ मध्ये मदनपुऱ्यात आजारी मुलीची तपासणी करायला आलेल्या पथकाला विणकरांनी अडवलं, आणि तिथून शहरभर दगडफेक, गोळीबार.

अफवा खोटीच होती. पण तिच्या मुळाशी खरी भीती होती: गोरा साहेब दार फोडून घरात शिरतो, बायकांना तपासतो, माणूस उचलून नेतो. हे सगळं घडत होतं. २०१८ ला धुळ्याच्या राईनपाड्यात भिक्षेकरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून ठेचून मारलं, तिथे असा कुठला अनुभव होता? त्या गावातून मूल पळवलं गेलं नव्हतं. निरोप लांबून आला होता, कुणीतरी दुसऱ्याच ठिकाणी तयार केलेल्या चित्रफितीसह. लोकांच्या अनुभवातून उगवलेली अफवा आणि बाहेरून ओतलेली अफवा, दोन्हींनी माणसं मरतात, पण पहिलीवर उपाय करता येतो. प्लेगच्या वेळी पुढे सरकारला सक्ती सैल करावी लागली, एतद्देशीय पुढाऱ्यांना आणि हकीम-वैद्यांना मध्ये घ्यावं लागलं, आणि विरोध ओसरला. दुसरीवर काय उपाय, हे मला अजून उमगलेलं नाही.

कज्जेदलाल

मी वकिली करतो. सगळे गर्दीबद्दल बोलले, मी तिच्यानंतर काय झालं त्याबद्दल लिहितो. माझ्या लेखी जुन्या-नव्यातली मोठी दरी तिथे आहे.

सुप्याची आग मे १८७५ ची. आयोगाचा अहवाल आला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा झाला. चार वर्षांत. त्यात होतं काय? न्यायाधीशाने फक्त रोखा बघायचा नाही, त्याच्या मागे जाऊन मूळ रक्कम किती, व्याज किती, फेड किती हे उकरून काढायचं. शेतकऱ्याला कर्जासाठी तुरुंगात टाकायचं नाही. रोखे गावच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोरच लिहायचे. खटल्याआधी समेट घडवणारे नेमायचे. म्हणजे कुणब्यांनी जो कागद जाळला, त्याच कागदाची ताकद कायद्याने कमी केली. परक्या सरकारने, स्वतःच्या साऱ्याला हात न लावता, हे खरं. सावकारी काही त्याने संपली नाही, हेही खरं. तरी गर्दीने बोट ठेवलं ती जागा सरकारने तपासली.

२०११ ला लंडनमध्ये कोर्टं रात्रभर चालली. साडेतीन पौंडांच्या पाण्याच्या बाटल्या उचलल्याबद्दल एका विद्यार्थ्याला सहा महिने मिळाले. शिक्षेची घाई होती, झडत्यांच्या तक्रारीची तेवढी नव्हती. पण नुकसानीपुरतं एक चांगलं तत्त्व तिथे जुनं आहे. १८८६ ला लंडनच्या श्रीमंत वस्तीत बेकारांनी दुकानं फोडली, त्यानंतर लगेच कायदा झाला की दंगलीत मालमत्ता गेली तर भरपाई पोलीस निधीतून द्यायची. शांतता राखणं ज्याचं काम, खर्च त्याचा. २०११ च्या दुकानदारांना पैसे मिळायला फार उशीर झाला, त्यावरून ओरड झाली आणि २०१६ ला तो कायदा बदलून नवा आणला. तत्त्व कायम ठेवलं.

आता मुंबई. श्रीकृष्ण आयोग जानेवारी १९९६ मध्ये युती सरकारने गुंडाळला, मे महिन्यात पुन्हा सुरू करावा लागला. अहवाल फेब्रुवारी १९९८ ला हाती दिला गेला. ज्यांच्यावर ठपका होता त्यांतले फार थोडे कोर्टात दोषी ठरले. नंतर सरकारं बदलली, तरी त्यात फरक पडला नाही.

शेवटी नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की सरकार कायदा-सुव्यवस्था राखण्यात कमी पडलं आणि त्यामुळे पीडितांना भरपाईचा हक्क आहे. त्या निकालातला एक तपशील प्रत्येकाने वाचावा. दंगलीत बेपत्ता झालेली माणसं १६८. त्यांतल्या ६० जणांच्या कुटुंबांना भरपाई मिळाली होती. उरलेल्या १०८ जणांच्या वारसांपर्यंत सरकार पोचलंच नाही. पत्ते नाहीत, माहिती अपुरी, अशी कारणं. न्यायालयाने वारस शोधायला समिती नेमली आणि दोन लाख रुपये, १९९९ पासून नऊ टक्के व्याजासह, द्यायला सांगितले.

अबोली

कज्जेदलाल, म्हणजे याद्या घेऊन आलेल्यांना पत्ते सापडले आणि सरकारला सापडले नाहीत?

कज्जेदलाल

ताई, कागदोपत्री तसंच आहे. ज्यांच्या ओळखीत १९९२-९३ पासून बेपत्ता असलेल्या कुणाचं कुटुंब असेल आणि त्यांना काहीच मिळालेलं नसेल, त्यांनी राज्य विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. समिती त्यांच्याच मार्फत नेमली होती. रेशनकार्ड, तेव्हाची पोलीस तक्रार, शाळेचा दाखला, जे असेल ते जोडा. अर्ज लिहायला मदत लागली तर मला व्यक्तिगत निरोप पाठवा, फी घेणार नाही.

भीमथडीकर

हा प्रतिसाद धाग्याच्या वरच्या मजकुरात जोडतो, म्हणजे नंतर येणाऱ्यांना शोधावा लागणार नाही. अबोलीताई, तुमच्या परवानगीने तुमचा अनुभवही वेगळा धागा म्हणून काढावा असं वाटतं. मुंबईत आणखी किती इमारतींत असे फळे खरवडले गेले हे तिथे गोळा करता येईल. नावं-पत्ते न देता, फक्त विभाग आणि काय घडलं एवढंच. लालबागकर, तुमच्या आजोबांच्या फेब्रुवारीच्या आठवणी लिहून ठेवल्या असतील तर त्याही हव्यात.